वीस गेज आणि दोन बादल्या ज्वारी

त्या दोन दिवसांची आठवण आली की आधी तो आवाज येतो. आपल्याकडचा होला घुमतो तसाच, पण जरा लांबवलेला आणि शेवटी उतरत जाणारा. इंग्रजीत त्या पाखराचं नावच शोक करणारा होला अशा अर्थाचं आहे. टेक्ससमधल्या प्लेनोला माझ्या घरामागेही तो येतो, कुंपणावर बसतो, पण हायवेच्या घरघरीत त्याचं घुमणं निम्मं विरून जातं. व्याह्यांच्या शेतावर ते पुरतं ऐकू यायचं. ऑगस्टचा शेवटचा दिवस होता. सूर्यफुलं वाळून करडी झाली होती, माना खाली घालून उभी होती, आणि त्यांच्यावर उन्हाची झळ थरथरत होती. घुमणं नेमकं कुठून येतंय ते कळत नव्हतं, सगळ्या शेतातूनच येत असावं. मी व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले होते. डोळे मिटत होते, उघडत होते, आणि दर वेळी उघडल्यावर शेत थोडं पुढे सरकल्यासारखं दिसत होतं.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. प्लेनोपासून पश्चिमेला अडीच तास ड्राइव्ह केलं की त्यांचं शेत येतं. साठ एकर, म्हणजे इकडच्या मानाने अगदीच किरकोळ. गृहस्थ चौऱ्याहत्तरचे, उंच, शब्द जपून वापरणारे. मला ते ‘मॅम’ म्हणतात. त्यांना नावाने हाक मारणं माझ्या जिभेला जमत नाही आणि ‘व्याहीबुवा’ म्हटलं तर त्यांना कळणार नाही. म्हणून मी काहीच न म्हणता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहते. ते वर बघतात, टोपीला हात लावतात. एवढ्यावर आमचं भागतं.

मी काही स्वप्नाळू बाई नाही. सॉफ्टवेअर टेस्टर आहे. पंचवीस वर्षं लोकांच्या कामातल्या चुका काढत आले आणि ती सवय घरीही सुटली नाही. माझा नवरा म्हणायचा, हिला स्वर्गात पाठवलं तर दारातच विचारेल, ही पायरी इतकी उंच का? पण त्या शेतावर गेलं की माझ्यासारखीचंही डोकं सैल पडायचं. तिथे कुठलीच गोष्ट घाईने होत नसे. एखादी गाडी लांबच्या रस्त्यावर दिसायला लागली की ती जवळ येईपर्यंत माझा चहा संपायचा.

येताना गाडीत मुलीने मला बजावलं होतं. ती इथेच जन्मलेली, गुराघोड्यांची डॉक्टर, आणि माझ्याशी ती आपल्या परीने मराठीत बोलते. सासऱ्यांना ती डॅड म्हणते.

“आई, लिसन. पुढच्या आठवड्यात डॅडची शोल्डर सर्जरी आहे. डॉक्टरने सांगितलंय, त्यानंतर बंदूक नाही. नो रिकॉइल, धक्का अजिबात नको. सो हा त्यांचा लास्ट ओपनिंग डे आहे. ते काही बोलत नाहीत, पण आम्हाला माहितीये. प्लीज, तू उगाच प्रश्न विचारत बसू नकोस.”

“मी कधी उगाच विचारते?”

“आई.”

ओपनिंग डे म्हणजे होल्यांच्या शिकारीचा हंगाम उघडतो तो दिवस, सप्टेंबरची पहिली तारीख. टेक्ससमधल्या कितीतरी घरांत तो सणच असतो. पहाटे अंधारात उठायचं, थर्मासमध्ये कॉफी भरायची, शेताच्या कडेला उलट्या बादलीवर बसून पाखरांची वाट बघायची. मी शाकाहारी. पहिल्या दोन वर्षी काहीतरी निमित्त काढून गेलेच नव्हते. पण म्हाताऱ्या माणसाचा शेवटचा सण म्हटल्यावर नाही म्हणवेना. आणि मुलीच्या सासरी जायचं तर मान ठेवून जायचं, हे माझ्या आईने मनावर इतकं ठसवलंय की समुद्र ओलांडूनही ते गेलं नाही.

अडचण एकच होती. त्या वर्षी माझ्या नवऱ्याची तिथी नेमकी आदल्या दिवशी, ऑगस्टच्या एकतीस तारखेला आली.

त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलीचं लग्न बघणं त्याच्या नशिबात नव्हतं. तिचं ठरलंय एवढं त्याला कळलं होतं, आणि दवाखान्यात तो सारखं विचारायचा, ती माणसं कशी आहेत गं? मला तरी कुठे माहीत होतं. मी आपलं म्हणायचे, चांगली आहेत. त्यानंतर दर तिथीला मी घरामागच्या अंगणात त्याचं पान ठेवत आले, आणि दोन्ही वर्षं कावळा शिवला नाही. प्लेनोत कावळे नाहीतच असं नाही, पण माझ्या अंगणात त्यांना बहुधा काम नसावं. काळी, लांब शेपटीची ग्रॅकल नावाची पाखरं यायची, वड्याकडे संशयाने बघायची आणि उडून जायची. मी स्वतःला समजावायचे, बाई, हा भूगोलाचा प्रश्न आहे, नवऱ्याचा नाही. पण मनात ते राहायचंच. त्याची काहीतरी इच्छा अडकून पडली आहे, आणि ती कोणती ते मला ठाऊक होतं.

तर एकतीसच्या सकाळी मी व्याह्यांच्या स्वयंपाकघरात खीर, वडे, भोपळ्याची भाजी आणि आमसुलाची चटणी केली. व्याही दारात आले, तळणाचा वास घेतला, टोपीला हात लावून बाहेर गेले. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. जावई आणि मुलगी गावात सामान आणायला गेली होती. मी कागदी ताटलीत सगळं वाढलं, वर भाताची मूद ठेवली आणि शेताच्या कडेला गेले. तिथे पेकानचं, म्हणजे अक्रोडाच्या जातीचं, एकुलतं एक मोठं झाड आहे. त्याच्याजवळ कुंपणाच्या कोपऱ्यात जाड, सपाट डोक्याचा लाकडी खांब आहे. त्यावर ताटली ठेवून मी मागे सरकले आणि चक्क “काव, काव” करून हाका मारल्या. टेक्ससच्या उन्हात, सनहॅट घातलेली अठ्ठावन्न वर्षांची बाई. कुणी पाहिलं नाही म्हणून बरं.

अर्धा तास झाला. होले घुमत होते, पण कावळा नाही.

मग मला शेडमधलं पोतं आठवलं. आदल्या संध्याकाळी व्याही कोंबड्यांना दाणे घालत होते तेव्हा मी ते पाहिलं होतं आणि हरखले होते. इकडे मायलो म्हणतात, पण ती साक्षात ज्वारी होती, जरा तांबूस दाण्याची. माझा नवरा सोलापूरचा. ज्वारीच्या भाकरीशिवाय त्याला जेवल्यासारखं वाटत नसे, आणि इथे आल्यावर पहिली दोन वर्षं तो पिठासाठी शहरभर फिरला होता. मी मूठभर दाणे आणून खांबाखाली टाकले. चार पाखरं आली तर त्यांना बघून कावळाही येईल, असा माझा हिशेब. मूठ फारच केविलवाणी दिसली, म्हणून बादली आणली. मग हात सुटला. पेकानच्या सावलीभोवती मी ज्वारी फेकत गेले आणि फेकताना त्याच्याशी बोलत राहिले. घे, तुझीच आहे, पोटभर खा, पोरगी सुखात आहे, माणसं चांगली आहेत. दुसरी बादली कधी रिकामी झाली ते कळलंही नाही. खूप दिवसांनी मला मोकळं वाटत होतं.

तर दुपारी मी व्हरांड्यात पेंगत होते ती अशी, मनाने अगदी हलकी होऊन.

व्याही दोन बंदुका घेऊन आले आणि टेबलावर जुनी चादर अंथरून बसले. एक बंदूक जाड नळीची, दणकट. दुसरी बारीक, सडपातळ, लाकूड हाताळून मऊ झालेलं. त्यांनी जाड बंदूक पुसून लगेच बाजूला ठेवली आणि बारकीला तेलाचा बोळा लावत बसले. सामान घेऊन परतलेला जावई पायरीवर बसला होता. तो हसून म्हणाला, “डॅडनी पन्नास वर्षं बारा गेज वापरली. गेल्या वर्षापासून वीसवर आलेत. खांद्याने हार मानली.” व्याही बोळा फिरवत राहिले.

मुलीने बजावलेलं मला आठवत होतं. तरी जित्याची खोड.

“वीस मोठी की बारा?” मी विचारलं. बारा बोअरची बंदूक मला पेपरातल्या बातम्यांमुळे ऐकून माहीत होती. वीस म्हणजे तिच्याहून मोठी असणार.

व्याही म्हणाले, “उलट आहे, मॅम. एक पौंड शिसं घ्यायचं आणि त्याचे सारखे बारा गोळे करायचे. त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा गेज. तेवढ्याच शिशाचे वीस गोळे केले तर ते लहान होणार, मग नळीही बारीक.”

मला एकदम कळलं. तेवढ्याच कणकेचे बारा उंडे केले तर मोठे, वीस केले तर लहान. मी त्यांना हाताने उंडे करून दाखवले. ते हसले, आणि मला वाटतं त्या दिवसापासून आमचं जरा बोलणं सुरू झालं.

“मग बारीक कशाला घ्यायची? मोठीत छर्रे जास्त मावत असतील ना?”

“जास्त मावतात,” जावई म्हणाला. “म्हणून मी बाराच घेतो.”

व्याह्यांनी बारकी उचलून माझ्या हातात दिली, आधी ती उघडून रिकामी असल्याचं दाखवून. मी जन्मात पहिल्यांदा बंदूक धरली. वाटली होती त्यापेक्षा खूप हलकी होती. मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली, आणि त्या माणसाला मी एवढं सलग बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. होला लहान पाखरू, त्याला दोन-तीन छर्रे लागले तरी पुरतात. तो वेडावाकडा उडतो, एकदम वळतो, तेव्हा हलकी बंदूक पटकन फिरते. लाव्यांच्या शिकारीत तर दिवसभर रानात चालायचं असतं, तिथे अर्धा किलोसुद्धा संध्याकाळी दगड होतो. धक्का कमी, म्हणून दुसरा बार नीट जातो. पाखराच्या चिंधड्या होत नाहीत. काडतुसं मुद्दाम पिवळी केलेली असतात, कारण वीसचं काडतूस चुकून बाराच्या नळीत गेलं तर आत अडकून बसतं आणि घात होतो. त्यांनी मूठभर पिवळी काडतुसं चादरीवर ठेवली. उन्हात ती हळकुंडांसारखी दिसत होती.

“आणि तोटा काय?” टेस्टरने विचारलं.

“पोच कमी. लांबचं, उंचावरचं पाखरू सोडून द्यायचं. बारा गेज तुमच्या चुका पोटात घालते, मॅम. वीस नाही घालत.”

त्यांचे इंग्रजी शब्द थोडे निराळे होते, पण अर्थ हाच. मी बंदूक परत दिली. व्हरांड्यात पुन्हा शांत झालं. होले घुमत होते, आता जास्त जवळून, आणि मला वाटतं माझा डोळाही लागला. जाग आली तेव्हा ते जावयाला उद्याचे नियम सांगत होते. दरवर्षी सांगायचे म्हणे, तो लहान होता तेव्हापासून. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू. एका माणसाला पंधरा पाखरं. बंदुकीत तीनच काडतुसं. शेतात कुणी दाणे टाकले नाहीत ना, ते पाहायचं.

“दाणे?” मी डोळे उघडले.

“पाखरांना दाण्याची लालूच दाखवून मारणं बेकायदा आहे. उभं पीक कापलं आणि दाणे पडले तर चालतं. मुद्दाम पसरलेले चालत नाहीत.”

“आणि पसरले तर?”

“मग शेवटचा दाणा उचलल्यापासून दहा दिवस तिथे बंदूक चालवायची नाही.”

दहा दिवस. म्हणजे शेताला सुतकच. मी उठून आत गेले आणि नळ सोडून आधीच घासलेली भांडी पुन्हा घासायला लागले.

त्या तासाभरात माझ्या मनात काय काय आलं, ते लिहायला लाज वाटते. पाखरं उद्यापर्यंत सगळं टिपून टाकतील. कुणी पाहिलेलं नाही. मुळात मला नियम ठाऊक नव्हता. आणि सांगितलं तर या माणसाचा शेवटचा सण माझ्या हाताने बुडणार, मुलीची मान तिच्या सासरी खाली जाणार. न सांगावं हेच शहाणपणाचं होतं. पण हा माणूस दहा मैलांत दुसरी गाडी नसलेल्या चौकात स्टॉपच्या पाटीपुढे पूर्ण थांबतो, मी पाहिलं आहे. त्याला न सांगता त्याच्या हातून नियम मोडून घ्यायचा, आणि तोही शेवटच्या दिवशी? खाई त्याला खवखवे. उन्हं उतरल्यावर मी बाहेर गेले आणि नेहमीसारखी त्यांच्यासमोर उभी राहिले.

ऐकताना त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. मी तिथी सांगितली, पान सांगितलं, कावळा सांगितला, ज्वारी सांगितली.

“किती?” त्यांनी विचारलं.

“दोन बादल्या.”

“कुठे?”

“त्या झाडाखाली.”

त्यांनी डोळे मिटले. मग उठले, आणि आम्ही सगळे शेताकडे गेलो. पेकानच्या जवळ पोहोचलो आणि जमीनच उडाल्यासारखी पाखरं उठली. साठ, सत्तर, किती होती कुणास ठाऊक. पंखांची ती शीळ डोक्यावरून गेली, संधिप्रकाशात एक वळण घेऊन विरली. एवढे होले त्या शेतात एका वेळी कुणी पाहिले नव्हते. व्याही मान वर करून बघत राहिले.

जावई म्हणाला, “झाडून घेऊ. सकाळपर्यंत कुणाला कळणार आहे?”

“मॅमनी येऊन सांगितलंय,” व्याही म्हणाले. “आता ते न सांगितल्यासारखं कसं करायचं?”

मग जावयाने शेजारच्या मित्राच्या शेतावर जाऊ म्हटलं. व्याही म्हणाले, “तुम्ही दोघं जा. मला हेच शेत हवं होतं.” बस, एवढंच. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मुलगी मात्र रागावली. आत गेल्यावर म्हणाली, “आई, एक दिवस. मी तुझ्याकडे फक्त एक दिवस मागितला होता.” आणि मग, हळू आवाजात, “तू बाबांसाठी केलंस, आय नो. पण ते इथे नाहीत, आणि डॅड इथे आहेत.” तिने दार लावून घेतलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी खूप वेळ पलंगावर बसून राहिले आणि माझा स्वतःवरचा राग काही केल्या जाईना.

पहाटे मुलगी आणि जावई गेल्याचा गाडीचा आवाज आला. मी शाल घेऊन बाहेर पडले. शेतावर धुकं नव्हतं, पण उजाडायच्या आधीचा तो दुधट उजेड होता, त्यात सूर्यफुलांच्या माना एकेक करून दिसू लागल्या होत्या. व्याही पेकानखाली उलट्या बादलीवर बसले होते, मोकळ्या हाताने, बंदूक घरीच ठेवून. त्यांच्याशेजारी दुसरी बादली उलटी ठेवलेली होती. मी समोर जाऊन उभी राहिले तर त्यांनी बादलीकडे हात केला.

मी बसले आणि माफी मागितली. त्यांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची ते मला कळलं नाही.

पाखरं यायला लागली. लांबून कुठूनतरी बंदुकांचे आवाज येत होते, कुणीतरी दार वाजवून जावं तसे, आणि इथे आमच्या पायांपासून दहा हातांवर होले ज्वारी टिपत होते. त्यांची डोकी हलत होती, मातकट गुलाबी छातीवर उजेड येत होता. किती वेळ गेला माहीत नाही. मला वाटत होतं, आम्ही दोघं फार वर्षं तिथेच बसलेलो आहोत.

“मी त्या तिकडच्या कुंपणाला बसायचो,” ते एकदम म्हणाले. बोट शेताच्या पार पलीकडच्या टोकाला. “माझ्याकडे बारा. तिची पोच मोठी, म्हणून मी उंच जाणारी पाखरं घ्यायचो. बायको इथे बसायची, या झाडाखाली. इथे पाखरू खाली येतं, जवळ येतं. तिच्याकडे वीस. एक्केचाळीस वर्षं आम्ही शेताच्या दोन टोकांना बसून हंगाम उघडला.”

त्यांची बायको मुलांच्या लग्नाच्या आधीच्या वर्षी गेली. मी तिला फक्त फोटोत पाहिलंय.

“ती बंदूक त्यांची आहे?” मी विचारलं.

“यस, मॅम. वीसला पोच नाही. माझ्या जागेवरून तिने काही मिळत नाही. ती घेतली की इथे, तिच्या जागेवर येऊन बसावं लागतं.”

“पण तुमचा खांदा...”

“मी वीस घेतली तेव्हा माझा खांदा ठणठणीत होता, मॅम.”

लोकांना सांगायला त्यांनी वजन, धक्का, छर्रे अशी सगळी कारणं तयार ठेवली होती. ती खरीही होती, आणि मी वही घेऊन बसल्यासारखी ती ऐकून घेतली होती. आणि शेवटच्या वर्षी, नेमक्या याच झाडाखाली, मी दोन बादल्या ज्वारी ओतली होती. मी पुन्हा माफी मागायला गेले तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

आता ते शिकार करत नाहीत. सर्जरी नीट झाली, टोपीपर्यंत हात सहज जातो, पण ती दुपार संपल्यावर बंदुका कपाटात गेल्या त्या गेल्याच. तो शेवटचा दिवस माझ्यामुळे बुडाला आणि मी ते कुणावर ढकलत नाही.

ऊन झाडाच्या शेंड्याला लागलं तेव्हा मी उठले. कालची ताटली खांबावरून काढायला हवी होती. जवळ गेले तर ताटली होती तिथेच होती, भात कुणीतरी टिपून नेलेला. आणि तिच्या शेजारी दुसरी होती, घरातल्या रोजच्या चिनीमातीची, काठावर निळी रेघ असलेली. तिच्यात इकडचं जाड, मऊ बिस्किट, मधे फोडून पीचचा मुरंबा लावलेला, आणि बाजूला कपभर काळी कॉफी. कॉफी केव्हाच निवली होती.

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. ते बादलीवरच बसले होते, शेताकडे तोंड करून.

“माझा या गोष्टींवर विश्वास नाही, मॅम,” ते म्हणाले. “चर्चमध्ये असं काही शिकवत नाहीत. पण तुमचे मिस्टर आमच्या शेतावर येऊन एकटेच जेवतायत, हे तिला आवडलं नसतं.”

मी तिथेच उभी राहून रडले, अगदी मोठ्याने. एवढी की होले उडाले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. मग मी डोळे पुसले आणि घरात गेले. फ्रिजमध्ये कालचे चार वडे उरले होते. ते गरम केले, आणून आधी दोन विहीणबाईंच्या ताटलीत वाढले, आणि मग नवऱ्याला.